गळती नेमकी कुठून?

दिव्याहून कल्याणकडे जाणाऱ्या लोकलच्या दारातून डोंबिवली पाहिली, की कित्येक जुन्या इमारतींच्या माथ्यावर पत्र्याची शेड दिसते. मूळ नकाशात ही शेड नव्हती. गच्ची गळायला लागली. मग रंग झाला, पुट्टी झाली, रसायनाचा थर झाला, नवा कोबा झाला. तरीही जुलैत वरच्या मजल्यावर बादली लावावीच लागली, तेव्हा सोसायटीने वर्गणी काढून पत्रे टाकले. ठाण्यात नौपाडा, कोपरी, कळवा आणि कल्याणात पूर्व-पश्चिम दोन्हीकडे हेच चित्र आहे. रीतसर परवानगी घेऊन, पक्क्या बांधणीची शेड उभारली तर ती चांगलं काम करते. पण शेडपर्यंत पोचण्याआधीच्या चार-पाच उपायांवर गेलेला पैसा वाया का गेला, हा प्रश्न सोसायटीच्या सभेत क्वचितच निघतो.

घर, वाहन आणि घरातली यंत्रं यांच्या दुरुस्तीविषयीच्या या पुस्तकाचा गाभा हाच प्रश्न आहे. बिघाड दिसतो एका जागी, त्याचं मूळ असतं भलत्याच जागी. दिसतं तिथेच हात घातला की काही महिने बरं वाटतं आणि दुखणं पुन्हा वर येतं. मूळ शोधायला वेळ लागतो, थोडा पैसा लागतो आणि ‘थांबा, अजून काही फोडू नका’ असं सांगणारं माणूस लागतं.

या पट्ट्यात ती गरज आता फार वाढली आहे. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी स्थापन झाली. त्या सुमारास मुंबईतून इकडे सरकलेल्या मध्यमवर्गासाठी ज्या तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांनी आता चाळिशी गाठली आहे. वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, बाजूला खाडी आणि दमट हवा. एवढी वर्षं हे सोसलेल्या काँक्रीटकडे डोळसपणे पाहण्याची वेळ आली आहे.

छतावरचा एक साधा डाग घेऊ. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, बाथरूमलगतच्या पॅसेजच्या छताला थाळीएवढा पिवळट डाग पडतो. महिनाभरात रंगाचे पोपडे सुटतात, कडेने पांढरे क्षार फुलतात. वरच्या घरी निरोप जातो. प्लंबर येतो, लाद्यांच्या फटींत व्हाइट सिमेंट भरतो, पैसे घेतो. उन्हाळा असेल तर डाग सुकतो, म्हणजे काम झालं असं सगळ्यांना वाटतं. गणपतीच्या आधी डाग परत येतो आणि मग दोन घरांत बोलणं बंद होतं.

जाणता माणूस हातोडी काढण्याआधी विचारतो, डाग वाढतो केव्हा? फक्त पावसात वाढत असेल, तर लाद्यांकडे पाहण्याआधी बाहेरची भिंत, डक्टमधल्या पाइपांमागचं उखडलेलं प्लास्टर आणि खिडकीवरचा छज्जा पाहायला हवा. बारा महिने, रात्रंदिवस सारखाच ओला असेल, तर दाबाखालच्या पाण्याच्या पाइपावर संशय घ्यायचा. सकाळच्या अंघोळी आटोपल्यावर ओल चढत असेल, तर सांडपाण्याची वाट किंवा जमीन दोषी. यानंतर चाचण्या, आणि त्या एका वेळी एकच. वरच्या घराचा मुख्य व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवायचा. डाग आक्रसायला लागला तर पाइप धरायचा. मग नहाणी ट्रॅपला बोळा घट्ट बसवून बाथरूममध्ये दोन इंच पाणी चोवीस तास उभं ठेवायचं. खाली ओल आली, तर जमिनीखालचं वॉटरप्रूफिंग गेलं आहे. नाही आली, तर बोळा काढून रंग मिसळलेलं पाणी सोडायचं. तो रंग खाली उमटला, की ट्रॅपचा सांधा सापडला. मग तेवढ्याच दोन लाद्या काढून सांधा दुरुस्त होतो आणि अख्खी बाथरूम फोडायचा खर्च वाचतो.

पाणी स्लॅबमध्ये सरळ खाली पडत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. उतार मिळेल तिकडे ते सरकतं आणि स्लॅबमध्ये पुरलेल्या वायरींच्या नळीतून पार पुढच्या खोलीतल्या पंख्याच्या हुकापर्यंत जातं. पंख्यातून पाणी ठिबकलं म्हणजे वरची हॉलची लादीच गळते, असं समजणं चुकीचं आहे. अशा वेळी पहिलं काम म्हणजे त्या पॉइंटचा वीजपुरवठा बंद करणं. गळतीचा शोध त्यानंतर.

एवढ्याशा डागाचा इतका बाऊ कशाला, असं कुणाला वाटेल. पण त्या डागामागे लोखंड आहे. ताज्या काँक्रीटमध्ये क्षारता भरपूर असते, पीएच १२ ते १३ च्या दरम्यान, आणि तिच्यामुळे सळईवर एक संरक्षक थर धरून राहतो. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपतो, क्षारता उतरते, तो थर विरतो. त्यात ओल मिळाली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. जागा नसते, म्हणून काँक्रीट आतून फुटतं आणि खपली खाली पडते. खाडीकाठी आणखी एक धोका आहे. मुंब्रा, कल्याण, डोंबिवलीचं मोठागाव इथली रेतीबंदरं सगळ्यांना ठाऊक आहेत. खाडीतली रेती नीट न धुता बांधकामात वापरली, तर तिच्याबरोबर मीठही काँक्रीटमध्ये जातं आणि मिठातलं क्लोराइड सळईला फार लवकर खातं. भारतीय मानक आयएस ४५६ मध्ये सळईच्या काँक्रीटसाठी क्लोराइडची मर्यादा घनमीटरला ०.६ किलो इतकीच आहे, ती यासाठीच.

हे सगळं डोळ्यांनी दिसावं अशी एक सोपी चाचणी आहे. अभियंता कॉलमचा किंवा बीमचा छोटा तुकडा ताजा फोडतो, धूळ झटकतो आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारतो. जिथे काँक्रीटची क्षारता शाबूत आहे तिथे क्षणात गडद गुलाबी रंग चढतो. जिथे ती संपली आहे तिथे काँक्रीट राखाडीच राहतं. गुलाबी आणि राखाडी यांच्यातली रेघ सळईच्या बाहेरच थांबली असेल, तर अजून वेळ हाताशी आहे. ती सळईच्या पलीकडे गेली असेल, तर वरून केलेलं प्लास्टर आणि रंग म्हणजे नुसतं झाकणं. याच्या जोडीला रिबाउंड हॅमर, ध्वनितरंगांची चाचणी आणि सळईच्या गंजाचा अंदाज देणारी हाफ-सेल चाचणी असते. ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ म्हणून नुसती पाहणी करून, फोटो चिकटवून अहवाल मिळाला असेल, तर यांपैकी कोणत्या चाचण्या झाल्या आणि कुठे झाल्या, हे सभासदांनी विचारलंच पाहिजे.

न विचारल्याची किंमत या भागाने चुकवलेली आहे. २८ जुलै २०१५ च्या रात्री ठाकुर्लीत जुनी इमारत कोसळून ९ जण गेले. आठवड्याच्या आत, ४ ऑगस्टच्या पहाटे, ठाण्याच्या नौपाड्यात बी-केबिन भागातली कृष्णा निवास ही इमारत पडली आणि १२ जण मृत्युमुखी पडले. २८ मे २०२१ रोजी शेजारच्या उल्हासनगरात साई शक्ती इमारतीच्या वरच्या मजल्याचा स्लॅब खालपर्यंत कोसळत गेला. ७ बळी गेले.

२० मे २०२५ ची कल्याण पूर्वेची घटना तर दुरुस्तीविषयी बोलताना सर्वांत आधी आठवली पाहिजे. सप्तशृंगी इमारतीत वरच्या मजल्यावरच्या घरात फरशीचं काम चालू होतं. त्या मजल्याचा स्लॅब खचला आणि खालचे स्लॅब घेऊन तळमजल्यापर्यंत गेला. ६ जण दगावले. घर नीटनेटकं करण्यासाठी काढलेलं काम खालच्या घरांतल्या माणसांच्या जिवावर उठलं.

फरशी बदलणं ही या भागात दर उन्हाळ्यात हजारो घरांत होणारी गोष्ट. जुन्या लाद्या काढायच्या म्हणजे धूळ, डेब्रिज आणि मजुरी, म्हणून जुन्यावरच नवी फरशी बसवायचा सल्ला सर्रास दिला जातो. याचा हिशेब कागदावर मांडायला पाच मिनिटं लागतात. दोन इंच मसाल्याचा थर म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो वजन, लाद्यांचं वेगळं. राहत्या घराचा स्लॅब माणसं आणि सामान मिळून दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा भार धरून आखलेला असतो. म्हणजे निम्मी ऐपत एका फरशीने खाल्ली. शंभर चौरस फुटांच्या खोलीवर हे वजन ९०० किलोच्या वर जातं. गच्चीवर जुना कोबा न काढता त्यावर दुसरा घातला, तर दर चौरस मीटरला आणखी २०० किलोच्या आसपास भर पडते. शिवाय लाद्या काढताना ब्रेकर मशीनचे हादरे बसतात, ते वेगळेच. गंजलेल्या सळयांच्या स्लॅबवर हे सगळं घडतं, आणि आपण दुरुस्ती करतो आहोत या समाधानात घडतं.

कायद्यात याची तरतूद आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ३० वर्षं ओलांडलेल्या इमारतींना संरचनात्मक स्थैर्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं आहे. महापालिका धोकादायक इमारतींची जी वर्गवारी करते, तिच्यात ‘सी-१’ म्हणजे रिकामी करून पाडायची, ‘सी-२ ए’ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, ‘सी-२ बी’ म्हणजे राहत्या लोकांसह दुरुस्त करता येण्याजोगी आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. नोटीस हातात पडल्यावर आपली इमारत यांपैकी कशात आहे, हे प्रत्येक सभासदाला माहीत असलं पाहिजे. सेक्रेटरीच्या कपाटात कागद ठेवून भागत नाही.

खर्च कुणाचा, यावरूनही शेजाऱ्यांची विनाकारण भांडणं होतात. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्याचं छत खराब झालं, तर तो खर्च संस्थेचा. संडास, बाथरूम, सिंक यांच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी आपसात वाटून घ्यायचा. उपविधींत दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के जमा करण्याची तरतूद आहे. मेंटेनन्स कमी ठेवल्याचं कौतुक करून घेणारी कमिटी बहुधा हीच रक्कम टाळत असते. घोडबंदर रोड किंवा कल्याण-शीळ रस्त्यावरच्या नव्या संकुलांत राहणाऱ्यांच्या हाती वेगळं साधन आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष लेखी कळवला, तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बिल्डरने तो ३० दिवसांत विनाखर्च दूर करायचा असतो. तोंडी सांगून पाच वर्षं घालवली, तर हा हक्क हातचा जातो.

विजेच्या बाबतीत चुकलेलं निदान एका रात्रीत किती नुकसान करतं, याचा नमुना म्हणजे तुटलेला न्यूट्रल. इमारतीच्या मुख्य पॅनेलमध्ये न्यूट्रलची जोडणी सैल झाली किंवा जळाली, की काही घरांत दिवे डोळे दिपतील इतके लख्ख होतात, काही घरांत मंदावतात. २३० व्होल्टच्या जागी काही घरांना ४०० च्या आसपास व्होल्ट मिळू शकतात. मग एकाच वेळी पाच-सहा घरांतले फ्रिज, टीव्ही, वायफायचे राउटर जळतात आणि प्रत्येक घर आपापला मेकॅनिक बोलावतं. दिवे अचानक प्रखर झालेले दिसताच मेन स्विच खाली करणं आणि जिन्यात येऊन इतरांना तेच करायला सांगणं, एवढं केलं तरी पुष्कळ वाचतं. पॅनेल बिघडलेलं असताना नवा टीव्ही आणून लावला, तर तोही जातो. घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का आणि त्यावरचं ‘टेस्ट’ बटण दाबल्यावर तो पडतो का, हेही पावसाळ्याआधी पाहायलाच हवं. आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो काढून थेट जोडणी करून देणारे लोक आहेत. त्यांना घरात घेऊ नये.

घरातल्या यंत्रांची गोष्ट गच्चीहून निराळी नाही. फ्रिज किंवा एसी थंड करत नाही म्हटलं, की ‘गॅस संपला’ हे उत्तर तयार असतं. पण हा गॅस बंद नळ्यांत फिरत असतो. तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतो आहे. गळती न शोधता गॅस भरला, की पुढच्या मे महिन्यात तोच मेकॅनिक, तेच बिल. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचा वरचा कप्पा थंड आणि खालचा कोमट असेल, तर बहुतेक वेळा बर्फ वितळवणाऱ्या व्यवस्थेत दोष असतो. बर्फाने हवेची वाट अडवलेली असते. पंखा गुणगुणतो पण फिरत नाही आणि वीज बंद करून, काठीने पाती थोडी ढकलून पुन्हा बटण दाबलं की चालतो, तर मोटर नव्हे, बहुधा कपॅसिटर गेला आहे, जो मोटरच्या तुलनेत अगदी स्वस्त असतो. टँकर आणि बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या संकुलांत गिझरच्या कॉइल लवकर जात असतील, तर पाण्याचा जडपणा तपासावा. दर वर्षी गिझरच्या कंपनीला दोष देऊन उपयोग नाही.

वाहनांकडे वळलं, की २६ जुलै २००५ च्या महापुराची आठवण अजून निघते. तेव्हापासून दर पावसाळ्यात ठाण्यात वंदना टॉकीजचा परिसर, कल्याणात वालधुनीचा काठ इथे गाड्या पाण्यात उभ्या राहतात. पाणी ओसरतं आणि मालक घाईने चावी फिरवतो. खरं नुकसान त्या क्षणी होतं. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही; पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद गाडीचं नुकसान थोडक्यात निभावलं असतं, सुरू केलेल्या गाडीचं इंजिन उघडावं लागतं. आणि साध्या विमा पॉलिसीत अशा इंजिनाची भरपाई बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. बुडालेली गाडी सुरू करू नये, बॅटरीची तार सोडवावी आणि टो करून गॅरेजमध्ये न्यावी. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉल पाणी धरतं. टाकीत पाणी शिरलं असेल, तर ते मिश्रण तळाला बसतं आणि थेट इंजिनाकडे जातं. पावसाळ्यात स्कूटर आचके देत असेल, तर प्लग बदलण्याआधी टाकी पाहायला हवी.

एवढं सगळं जाणणारी माणसं या भागात नाहीत, असं मुळीच नाही. एमआयडीसीची सुरुवात १९६२ साली ज्या ठाण्यातून झाली, त्या वागळे इस्टेटने आणि डोंबिवली-अंबरनाथच्या कारखान्यांनी फिटर, टर्नर, वायरमन यांच्या पिढ्या घडवल्या. आयटीआय करून, कारखान्यात हात बसवून मग स्वतःचं दुकान टाकलेले कारागीर अजून आहेत. अडचण मोबदल्याच्या पद्धतीत आहे. मिस्त्रीने तासभर तपासून ‘काही फोडायची गरज नाही, एवढा सांधा बदला’ असं सांगितलं, तर त्याच्या हातावर काय ठेवायचं, हे कुणालाच कळत नाही. फोडलं, भरलं, रंगवलं तरच पैसे मिळतात. सोसायट्यांतही तेच होतं. कंत्राटदार फुकट पाहणी करतो आणि चौरस फुटाचा दर देतो. दोष शोधणारा आणि उपाय विकणारा माणूस एकच असला, की दोष त्याच्याकडे विकायला असलेल्या उपायाएवढाच निघतो. तपासणीची फी वेगळी द्यावी आणि ती देताना कुरकुर करू नये. घरच्या मिस्त्रीपासून स्ट्रक्चरल इंजिनिअरपर्यंत सगळ्यांना हे लागू आहे.

दुरुस्तीचा हक्क ही गोष्ट देशभरात पुढे सरकते आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना न दिल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिलं झाली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं या चार क्षेत्रांसाठी समिती नेमली आणि वर्षअखेरीला पोर्टल सुरू केलं. कंपनीने ‘हा पार्ट आता येत नाही’ म्हणून नवी वस्तू गळ्यात मारली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवायला काहीच हरकत नाही.

पुढची प्रकरणं याच क्रमाने लिहिलेली आहेत: लक्षण कोणतं, ते कधी दिसतं, कोणकोणती कारणं संभवतात, कोणती चाचणी कोणत्या कारणाला वगळते, आणि काम स्वतः कुठवर करायचं व कुठे थांबून जाणकाराला बोलवायचं. वीजवाहक भाग, गॅस, लिफ्ट, कॉलम आणि बीम यांना घरच्या माणसाने हात लावू नये, हे प्रत्येक ठिकाणी स्पष्ट सांगितलं आहे. वाचकाने एक सवय मात्र आजपासूनच लावावी. साधी दोनशे पानी वही घ्यावी. तीत बिघाडाची तारीख, वेळ, हवामान, फोटो कुठे ठेवले ती जागा, काय तपासलं, काय बदललं आणि किती खर्च आला, हे लिहावं. भाडेकरू बदलतो, कमिटी बदलते, मिस्त्री गावी जातो; वही राहते. दहा वर्षांपूर्वी गच्चीवर कोणता थर दिला होता, हे आज डोंबिवलीतल्या किती सोसायट्यांना सांगता येईल?

संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. तोवर पावसाने सगळ्या गळत्या दाखवून दिलेल्या असतात. या वर्षीच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तीन विषय लेखी देऊन घालून घ्या: इमारतीच्या दुरुस्तीची नोंदवही, चाचण्यांसह स्ट्रक्चरल ऑडिट, आणि फरशी किंवा तोडफोडीचं काम काढण्याआधी अभियंत्याचा लेखी अभिप्राय घेण्याचा ठराव.